पौषातली लग्नं

पौषात माणसांची लग्नं होत नाहीत. कार्यालयं रिकामी असतात आणि वाजंत्रीवाले घरी बसतात. देवांना ही आडकाठी नाही. कराड तालुक्यातल्या पाल गावी, तारळी नदीच्या काठी, खंडोबा-म्हाळसेचं लग्न लागतं ते पौषातच. सोलापुरात सिद्धरामेश्वरांच्या योगदंडावर अक्षता पडतात त्या भोगीच्या दिवशी, म्हणजे बहुधा पौषातच. माझी भाची आणि तिचा नवरा आठ महिन्यांच्या लेकीला घेऊन पुण्याहून सोलापूरला निघाले ते याच दिवसांत. लेकीची पहिली संक्रांत होती आणि बोरन्हाण आजीच्या घरी व्हायचं होतं. वाटेत जेजुरी आणि पंढरपूर, परतण्याआधी तुळजापूर. त्यांच्याबरोबर मीही गाडीत बसले.

तो सोलापूरचा, ती गुहागरची. पुण्यात नोकरीच्या ठिकाणी ओळख झाली, दोन वर्षांपूर्वी वैशाखात लग्न झालं. लग्न गुहागरला, जागरण-गोंधळ सोलापूरला. डोहाळजेवण सोलापूरच्या घरी झालं, पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी आणि बारसंही तिथेच. २०१७च्या दुरुस्तीमुळे नोकरदार बाईला २६ आठवड्यांची बाळंतपणाची रजा मिळते. तिची ती रजा नोव्हेंबरात संपली. मूल कुणी सांभाळायचं हा प्रश्न तेव्हापासून दोन्ही घरांत फिरत होता. गुहागरची आजी म्हणत होती, इकडे ठेवा. सोलापूरची आजीही तेच म्हणत होती. या दोघांच्या मनात मात्र पुण्यातलं पाळणाघर होतं. गाडीत सामानाबरोबर हा प्रश्नही होता.

दिवे घाटात गवत वाळून पिवळं पडलं होतं. खाली मस्तानी तलाव दिसला. आषाढी वारीत ज्ञानोबांची पालखी हाच घाट चढते. सासवडच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला अंजिरांच्या पाट्या लागल्या होत्या. पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, आणि थंडीतल्या या फळाला इथले बागायतदार खट्टा बहार म्हणतात. नाव खट्टा असलं तरी फळ गोड होतं. आमच्याकडे आंब्याची पेटी पेंढ्यात भरतात, इथे अंजिराच्या पाटीत अंजिराचीच पानं अंथरलेली. विकणाऱ्या बाईने एक फळ फोडून आधी माझ्या हातावर ठेवलं, मग भाव सांगितला. कोकणात आधी भाव ठरतो.

जेजुरीला साडेतीनशेच्या वर पायऱ्या आहेत. लग्नानंतर नव्या नवरीला उचलून पहिल्या पाच पायऱ्या चढायची इथली रीत. वैशाखातल्या उन्हात भाचीच्या नवऱ्याने ती पाळली होती, आणि मला त्या दिवसाचं अजून नवल वाटतं. आमच्या गावाकडे नव्या जोडप्याने चारचौघांत हात धरला तरी म्हाताऱ्या तोंडाला पदर लावतात. इथे सासू, नणंद, चुलत सासरे, सगळे एका सुरात “उचल, उचल” म्हणत होते. देवाच्या दारात, वडीलधाऱ्यांसमोर, नवऱ्याने बायकोला उचलून घ्यावं आणि त्यावर सगळ्यांनी भंडारा उधळावा, यात मला फार मोकळेपणा दिसला. भाची तेव्हा लाजून लाल झाली होती. या खेपेला त्याने लेकीला छातीशी बांधलं आणि सगळा गड चढला. ती मागून पाण्याची बाटली आणि बाळाची टोपी घेऊन.

अर्ध्या वाटेवर बाणाईचं देऊळ लागतं. म्हाळसा वर गडावर देवाशेजारी, बाणाई इथे मध्यावर. कथा अशी की नेवाशाच्या वाण्याची लेक म्हाळसा ही पहिली बायको. पुढे देव चंदनपुरीच्या धनगराच्या बाणाईवर भाळला आणि तिच्या घरी मेंढरं राखायला राहिला. सवती-सवतींचं पटेना म्हणून दोघींची घरं वेगळी झाली. देवाचं घरातलं भांडण इथे कुणी झाकून ठेवत नाही. वाघ्या-मुरळीच्या गाण्यांत दोघींची तोंडातोंडी रात्रभर रंगते आणि बायाबापड्या ती ऐकत जाग्या राहतात. भाचीने बाणाईला हळद वाहिली. म्हणाली, “वर जाताना आधी हिलाच भेटावं लागतं, हे बरं आहे.”

भंडारा घेताना तिने दुकानदाराला आधी चिमूटभर हातावर टाकायला सांगितलं आणि हुंगून पाहिलं. हळदीच्या नावाखाली कसलीही पिवळी पूड खपवणारे आहेत, आणि ती लहान मुलांच्या डोळ्यांत जाते. हुंगून घेण्यात देवाचा अपमान होत नाही. प्रत्येक आईने हे करावं.

वर तळी भरायची होती. ताम्हनात विड्याची पानं, सुपारी, खोबऱ्याच्या वाट्या, भंडारा. ताम्हन उचलायला पाच जण लागतात आणि आमच्यात पुरुष एकटा तो. काही बोलायच्या आत शेजारच्या कुटुंबातले चौघे पुढे झाले, टोप्या सारख्या केल्या आणि ताम्हनाला हात लावला. “सदानंदाचा येळकोट” झाला, ताम्हन वर-खाली झालं, खोबरं वाटलं गेलं. नाव-गाव कुणी कुणाला विचारलं नाही. जाताना त्यातल्या एका आजोबांनी बाळाच्या कपाळाला भंडारा लावला आणि बाळ दोनदा शिंकलं. जावळ मात्र या खेपेला काढलं नाही. पौष होता, आणि जावळाला मामाची मांडी लागते.

खाली उतरताना गावात पालं पडलेली दिसली. पौष पौर्णिमेला जेजुरीत गाढवांचा बाजार भरतो. बेलदार, वैदू, कैकाडी अशा भटक्या जमाती पिढ्यान्‌पिढ्या या बाजाराला येत आल्या आहेत, थेट गुजरातेतूनही जनावरं येतात. बाळाने आयुष्यातलं पहिलं गाढव जेजुरीत पाहिलं आणि बराच वेळ दुसरीकडे बघायला तयार झालं नाही.

पुढचा रस्ता पालखीचा. वाल्हे, नीरा, लोणंद, फलटण. वारीत माउलींच्या पादुकांना नीरेत स्नान घालतात, तरडगावजवळ चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण होतं. जानेवारीत हाच रस्ता उसाच्या ट्रॅक्टरांनी भरलेला असतो. फलटण हे निंबाळकरांचं गाव, शिवाजी महाराजांच्या पत्नी सईबाईंचं माहेर. तिथून पुढे माळशिरसपर्यंत क्षितिज उघडंच राहतं. कोकणातल्या माणसाला ही मोकळीक सुरुवातीला सोसत नाही. आमच्याकडे शेजारचं घर माडा-पोफळींच्या आड असतं. इथे पुढचं गाव चार मैलांवरून दिसतं आणि येणारा पाहुणाही दिसतो. म्हणूनच की काय, इथे चहाचं आधण तुम्ही दारात पोचण्याआधीच चढलेलं असतं.

पंढरपुरात आधी नामदेव पायरी. देवाच्या दारात पायाखाली राहण्याचा हट्ट धरणारे नामदेव, आणि समोरच चोखोबांची समाधी. चोखोबा मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून गेले, ते साल १३३८. त्यांचं घरच्या घर अभंग रचणारं होतं: पत्नी सोयराबाई, मुलगा कर्ममेळा, बहीण निर्मळा, मेहुणा बंका. ज्या देवळात या घराला पाऊल टाकू दिलं नाही, त्याच्या दारासाठी साने गुरुजींनी १९४७च्या मे महिन्यात उपोषण केलं, तेव्हा ते दार दलितांना उघडलं. हे मी गाडीत भाचीला सांगितलं होतं. पायरीशी ती थांबली आणि म्हणाली, “मावशी, सोयराबाईचं नाव इथे किती जण घेतात?” मला उत्तर देता आलं नाही. नवरा-बायको दोघेही कवी, दोघेही मोठे, आणि आपण अभंग म्हणताना नाव घेतो ते बहुधा एकाचंच.

विठ्ठलाच्या पायावर डोकं ठेवता येतं, ही पंढरीची श्रीमंती. बाळाला तिने पुढे वाकवलं, बडव्यांच्या काळापासून चालत आलेल्या घाईत क्षणभर, आणि रांग पुढे सरकली. रुक्मिणीचं मंदिर वेगळं, मागच्या बाजूला. ती रुसून दिंडीरवनात आली आणि देव तिच्या शोधात इथवर आला, अशी कथा. संक्रांत जवळ आल्यामुळे तिच्या दारात बायकांची रीघ होती. सुगडं, ऊस, बोरं, हरभऱ्याचे घाटे, ववसायची सगळी तयारी. विठ्ठलाकडे सगळी घाई, रुक्मिणीकडे मात्र बाया एकमेकींना कुंकू लावत, बोलत, बाळांची विचारपूस करत रेंगाळत होत्या. परभणीकडच्या एका आजीने भाचीची ओटी भरली आणि विचारलं, “नवरा कुठंय?” तो बाहेर चुरमुऱ्यांच्या दुकानाशी बाळाची बाटली धुऊन आणत होता. आजीने त्याला बघून घेतलं आणि “ऱ्हाऊ दे, चांगलाय” एवढंच म्हटलं.

मंगळवेढ्याचा शिवार ज्वारीचा. खोल काळी जमीन परतीच्या पावसाची ओल धरून ठेवते आणि त्या ओलीवर रब्बीची मालदांडी उभी राहते, वरून पाणी लागत नाही. इथल्या ज्वारीलाही भौगोलिक मानांकन आहे. त्या दिवसांत कणसं हुरड्याला आलेली. भाचीच्या नवऱ्याचा एक शाळासोबती शेती करतो, त्याच्या बांधावर आम्ही बसलो. जमिनीत खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवलेली. मित्राची बायको निखाऱ्यातून कणीस ओढायची, गरम असतानाच दोन्ही तळव्यांत चोळायची, फुंकर घालून कोंडा उडवायची आणि हिरवट दाणे आमच्या पुढ्यातल्या कागदावर ओतायची. तिच्या तळव्यांना भाजत कसं नव्हतं कोण जाणे. हुरड्याबरोबर शेंगांची चटणी, दही, गूळ. भाचीने तिच्याकडून कणीस मागून घेतलं, चोळायला गेली आणि तिसऱ्या क्षणाला टाकून दिलं. दोघी हसल्या आणि लगेच “ताई” वरून नावावर आल्या.

सोलापूरच्या घरी शिरताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. पुण्यात आणि गाडीत ती नवऱ्याला नावाने हाक मारत होती, “अरे ऐक ना” म्हणत होती. उंबरठा ओलांडल्यावर “अहो” सुरू झालं. तिला तसं करायला कुणीच सांगितलेलं नव्हतं. गुहागरला आला की हाही माजघरात मोठ्याने बोलत नाही आणि भात नको असला तरी दुसऱ्यांदा घेतो. दोघेही एकमेकांच्या घराचा मान आपणहून राखतात, हे मला फार आवडलं.

या गल्लीत मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी एकाच नळावर ऐकू येतात. मागच्या बाजूला यंत्रमागांची खडखड दिवसभर असते. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी इथल्या चादरीचं नाव देशभर नेलं. त्यांच्या बायका दारात रांगोळी काढताना बोलतात त्या तेलुगूत, आणि माझ्याशी वळल्या की सोलापुरी मराठीत: “बसा की ओ, घाई काय?” भोगीच्या दिवशी विहीणबाईंनी तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी केल्या, वांगं-गाजर-घेवडा-पावटा-हरभरा-बोरं घातलेली लेकुरवाळी भाजी केली, वर तिळाचं कूट. ताटात भात शोधणारी माझी नजर त्यांना दिसली असावी. त्यांनी न बोलता कुकर लावला.

दुपारी सगळे अक्षतांसाठी संमती कट्ट्याकडे. सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले. त्यांनी इथे तळं खोदवलं आणि नगराभोवती ६८ लिंगं स्थापली. एका कुंभाराच्या लेकीने रोज त्यांचं अंगण झाडून रांगोळी घातली आणि लग्नाचा हट्ट धरला. ते विरक्त. त्यांनी आपल्या योगदंडाशी तिचं लग्न लावायला मान्यता दिली. नऊशे वर्षांनंतरही सोलापूर दर भोगीला त्या लग्नाला जातं. पांढरी बाराबंदी घातलेले मानकरी उंच नंदीध्वज तोलत येतात, एकामागून एक सात. मंगलाष्टकात “दिड्डम दिड्डम, सत्यम सत्यम” झालं की हजारो हात एकदम वर जातात आणि अक्षता पडतात. बाळाच्या टोपीवर, माझ्या चष्म्यावर, भाचीच्या केसांत तांदूळ. शेजारची एक मुसलमान मुलगी मैत्रिणीबरोबर आली होती, तिच्याही हातात अक्षता होत्या. एवढं मोठं आणि एवढं मोकळं वऱ्हाड मी पाहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी, संक्रांतीच्या रात्री, होम मैदानावर होमविधी होतो आणि कुंभारकन्येचं प्रतीक अग्नीला अर्पण केलं जातं. कथेत ती सती जाते. भाची हे बघायला थांबली नाही. घरी परतताना म्हणाली, “काल आपण तिच्या लग्नाला गेलो होतो ना?” नवऱ्याने लहानपणापासून हा सोहळा पाहिलेला, त्याला तिचं दुखणं आधी कळलं नाही. मग बराच वेळ दोघं बोलत राहिली. मला विचाराल तर अक्षतांची ती दुपार मी कुणालाही बघायला सांगेन. आगीपाशी मीही थांबणार नाही. परंपरेतलं काय मनाशी धरायचं आणि काय सोडायचं हे नव्या जोडप्याने असंच एकमेकांशी बोलून ठरवावं.

संक्रांतीच्या सकाळी त्याने आम्हाला भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या स्मारकात नेलं. त्यांचं घर आता स्मारक झालं आहे. सोलापूरचा हा डॉक्टर १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेला. तिथल्या परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी १९४१ मध्ये लग्न झालं, ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला आणि ९ डिसेंबरला डॉक्टर गेले. वय ३२. मुलगा साडेतीन महिन्यांचा. भिंतीवरच्या फोटोंपुढे हा जावई लेकीला कडेवर घेऊन उभा राहिला. शाळेच्या सहलीत दरवर्षी इथे आणायचे, म्हणाला, तेव्हा फक्त युद्ध आणि औषधं आठवायची. क्वो छिंगलान पुढे भारतात अनेकदा येऊन गेल्या, सासरच्या माणसांना भेटल्या. नवऱ्याशिवाय, परक्या भाषेतलं सासर त्यांनी जपलं.

बोरन्हाण संध्याकाळी झालं. काळं झबलं, हलव्याचा मुकुट, हलव्याचे हार. पाटावर बसवलेल्या बाळाच्या डोक्यावरून आजीने बोरं, उसाचे करवे, चुरमुरे, भुईमुगाच्या शेंगा, हरभरे ओतले आणि गल्लीतली पोरं तुटून पडली. त्यांत मराठी, कानडी, तेलुगू सगळी होती. बाळाने एक हलव्याचा दाणा तोडून तोंडात घातला, तो काढायला चार बायका धावल्या. पंगत उठल्यावर विहीणबाईंनी तो विषय काढलाच. “इथंच ठेवा की हिला. शेजार आहे, माणसं आहेत.” खोटं काही नव्हतं. भाची मान खाली घालून चुरमुरे गोळा करत राहिली. उत्तर तिच्या नवऱ्याने दिलं, “आई, तिला रात्री आम्ही दोघं लागतो.” आई काही बोलली नाही. तिने उरलेली बोरं डब्यात भरली.

तुळजापूरला देवळात खाली उतरावं लागतं. जेजुरीला चढण, इथे उतार: गोमुख, कल्लोळ तीर्थ, मग देवी. भवानी एकटी आहे, शेजारी नवरा नाही. मूर्ती चल आहे, वर्षातून तीनदा पलंगावर निजवतात. शाकंभरी नवरात्र नुकतंच आटोपलं होतं. कवड्यांच्या माळा घातलेले आराधी अजून आवारात होते. सासू, सून आणि मी तिघींनी मिळून खणा-नारळाने ओटी भरली. नारळ गुहागरचे होते, भाचीने आठवणीने आणलेले. चिंतामणी नावाच्या गोल दगडावर दोन्ही हात ठेवून लोक मनातला प्रश्न विचारतात, दगड उजवीकडे वळला की होकार. सासूबाईंनी हात ठेवले. काय विचारलं ते सांगितलं नाही.

शेवटचा टप्पा अणदूर. इथला खंडोबा दोन गावांचा आहे. सव्वादहा महिने तो अणदूरला आणि पावणेदोन महिने नळदुर्गाजवळच्या मैलारपूरला राहतो. बाणाईशी त्याचं लग्न नळदुर्गात लागलं असं मानतात. देव न्यायचा आणि आणायचा याचा लेखी करार दोन्ही गावं करतात. पौष पौर्णिमेची यात्रा संपून देव अणदूरला परतलेला होता. पुजाऱ्यांनी कराराची गोष्ट सांगितली तशी विहीणबाई मन लावून ऐकू लागल्या. बाहेर आल्यावर पारावर बसून त्याच म्हणाल्या, “मग आपणही लिहूनच काढू.”

लिहिलं असं: गणपती आणि शिमगा गुहागरला, संक्रांत आणि नवरात्र सोलापूरला, पाळणाघर पुण्यात. सहा-सहा आठवडे आळीपाळीने एकेक आजी पुण्याला येऊन राहील. शिमग्यात आमच्याकडे ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते, देव स्वतः दारात. ती बघायला विहीणबाई येणार आहेत. जावळ चैत्रात जेजुरीला, त्यासाठी मामा येईल.

नळदुर्गचा किल्ला आम्ही धावतच पाहिला. इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळातला पाणीमहाल बोरी नदीच्या बंधाऱ्यात आहे, आणि पावसाळ्यात पाणी वरून वाहू लागलं की नर-मादी हे दोन धबधबे कोसळतात. जानेवारीत बंधारा कोरडा होता. घरात नवं जोडपं असेल आणि कुलदैवताला निघणार असेल, तर त्यांना एका दिवसात सगळी देवळं उरकायला लावू नका. वाटेत मुक्काम करू द्या, बांधावर बसू द्या. आणि नळदुर्ग श्रावणासाठी राखून ठेवा.